हाताचं पथ्य

गुळवेल उकळू लागली की पहिल्यांदा वास येतो तो भिजलेल्या दोरखंडाचा. पाणी आटत जातं तसा तो हिरवा होतो, मग करडा, आणि अखेरीस नाक आणि जीभ यांच्या मधल्या अशा एका जागी जाऊन बसतो की हा वास आहे की चव, हे सांगता येऊ नये. त्या दिवसांत आमच्या लोणावळ्याच्या घरात सकाळ या वासाची असे. दुपारी खिडकीतून दुसरा येई: बाजाराच्या अंगाला चिक्कीच्या कढईत गूळ पाकाला आल्याचा, खरपूस आणि दाट. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन केमोथेरपी सुरू झाली होती. तिने माझे केस नेले, भुवया नेल्या, पण नाकाला अशी काही धार लावून दिली की दार वाजण्याआधीच जिन्यावरून कोण चढत आहे ते मला कळे. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणजे कापूर. दूधवाला म्हणजे ओलं रबर. आणि मावशी म्हणजे चुलीचा धूर, गवत, आणि नुकत्याच तोडलेल्या देठाचा चीक.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. टाकव्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवर त्या राहतात. वर्षानुवर्षं त्या आमच्या दारी रानभाजी घेऊन येत आल्या आहेत. मी त्यांना अहोजाहो करते आणि त्या मला 'बाय' म्हणतात. पण वाडीवर आणि खालच्या गावांत त्यांना भाजीवाली म्हणून कुणी ओळखत नाही. तिथे त्यांची ओळख म्हणजे त्यांचा हात. पाय मुरगळला, कंबरेत उसण भरली, मान धरली, की लोक म्हणतात, मावशींचा हात लागला पाहिजे.

माझ्या आजाराचं कळलं तशा त्या गवताच्या काडीने बांधलेली गुळवेलीची जुडी घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. एरवी त्या सरळ स्वयंपाकघरात येत, आणि चमचा उभा राहील इतकी साखर घातलेला चहा बशीत ओतून पीत. मी आधण ठेवायला उठले, तर त्यांनी हाताने अडवलं.

"आता च्या न्हाई."

"का हो? साखर सोसत नाही का?"

"मला काय धाड भरलीया? तुझं पथ्य त्येच माझं पथ्य. तू आंबट न्हाई खायाचं, सुकट न्हाई खायाची, म्या बी न्हाई. आन् वर माझ्याकडनं च्या."

त्यांच्या वाडीची ही रीत मला तेव्हा प्रथम कळली. औषध देणाऱ्यानेही रोग्याच्या बरोबरीने पथ्य पाळायचं. शिवाय स्वतःच्या सगळ्यात आवडीची एक गोष्ट सोडायची. पथ्य संपेतो रोग्याच्या घरात पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. आणि एक नियम, जो त्यांनी उठता उठता बोट वर करून सांगितला:

"माझ्या औषधात दुसऱ्या हाताचं औषध मिसळायचं न्हाई. दोन हात एका भांड्यात पडले की हात बंद हुतो."

मी हा नियम नवऱ्याला जसाच्या तसा सांगितला. त्याने मान डोलावली. तो रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेला, नियम ऐकला की त्याचा चेहरा उजळतो. पण त्या आठवड्यात आमच्या घरी नियमांपेक्षा माणसं अधिक आली. काकूंनी वाळवलेली तुळस आणि आंबेहळद आणली. त्याच्या जुन्या सहकाऱ्याने गव्हांकुराची पूड पाठवली. तळेगावहून नणंद एक पुडी घेऊन आली. पुडीवर नाव नव्हतं, नुसता पिवळा ठिपका होता, आणि ती देणारा माणूस फार मोठा आहे एवढंच तिला ठाऊक होतं. प्रत्येकाने जाताना माझ्या टक्कल पडलेल्या डोक्यावरून हात फिरवला. काकूंचा हात तर तिथे इतका वेळ रेंगाळला की शेवटी त्या म्हणाल्या, "अगं, किती छान लागतंय, जर्दाळूसारखं!" आणि आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

नवऱ्यापुढे प्रश्न होता तो सगळ्यांचा मान राखण्याचा. तो त्याने सोडवला. हळद आणि तुळस ही काही औषधं नव्हेत, ती स्वयंपाकघरातली. गव्हांकुर म्हणजे तर गहूच. आणि पुडी चूर्णासारखी दिसत होती, म्हणजे पाचक असणार. असा विचार करून त्याने सगळं एका पातेल्यात घातलं आणि आटवलं. रोज सकाळी तो मला तो काळपट काढा कपबशीतून आणून देई, बिस्किट मात्र देत नसे. मीही पीत असे. इतक्या घरांतून माझ्यासाठी इतकं काही येत आहे याचंच मला अप्रूप होतं, आणि शेवटच्या घोटाला मागे राहणारा मातकट गोडवा मला आवडूही लागला होता.

पुढच्या डोसच्या आधी रक्त तपासलं तेव्हा यकृताचे आकडे चढलेले निघाले. पुण्याच्या रुग्णालयातल्या आमच्या डॉक्टर वयाने माझ्या लेकीएवढ्या. बोलताना पेन कानामागे खोचायची त्यांना सवय. त्यांनी विचारलं, "घरी आणखी काय घेताय?"

"घरचंच," नवरा म्हणाला.

"घरचं म्हणजे?"

त्याने सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांनी लिहायला घेतलं, मग पिवळ्या ठिपक्यापाशी पेन पुन्हा कानामागे गेलं.

"सगळं एका पातेल्यात?"

"आटवून," नवऱ्याने अभिमानाने भर घातली.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. त्या रागावतील असं मला वाटलं, पण त्या हसू दाबत होत्या. मग मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "हे कशाने झालं ते मला आता सांगता येणार नाही. केमोनेही होऊ शकतं. गुळवेलीने काही जणांच्या यकृताला त्रास झालेला आम्ही पाहिला आहे. त्या पुडीत काय आहे ते तर कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे पोटात जाणारं हे सगळं आजपासून बंद. आकडे उतरले की डोस देऊ. थोडा उशीर झाला तर घाबरू नका."

माझा चेहरा पडलेला पाहून त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मळमळीवर आल्याचा चहा घ्या, त्या म्हणाल्या. सकाळी चाला. प्राणायाम करा. तळपाय बधिर होतात ना, त्यांना कुणी हलक्या हाताने तेल चोळून दिलं तर जरूर चोळून घ्या. "तुमच्या माणसांना तोडू नका. फक्त काय चाललं आहे ते मला कळू द्या."

माणसांना न तोडता सांगायचं होतं ते मावशींना, आणि मला धास्ती होती ती त्याचीच.

त्या आल्या, उंबऱ्यावर बसल्या. मी सगळं सांगितलं, पातेल्यासकट. नवरा माझ्या मागे उभा होता. मावशींनी माझ्याकडे पाहिलंच नाही; त्यांनी मान वाकडी करून त्याला गाठलं.

"भाऊ, तुमी रेल्वेत काय करत हुता?"

"सिग्नल."

"एका रुळावर दोन गाड्या सोडल्या आसत्या का कधी?"

"नाही, मावशी."

"मंग पातेल्यात चार कशापायी सोडल्या?"

मला हसू आलं, मावशींनाही येईल असं वाटलं. पण त्या आपले तळवे उलटे-सुलटे करून पाहत होत्या. भाजी बांधून आणलेलं फडकं त्यांनी न सोडताच उचललं. इतक्यात इमारतीचा राखणदार आला. सिलिंडर उचलताना त्याचं मनगट दुखावलं होतं, आणि मावशी आल्याचं त्याला कळलं होतं. त्याने हात पुढे केला. मावशींनी तो धरला नाही.

"हात बंद हाय. दवाखान्यात जा."

त्याला थट्टा वाटली. तो म्हणाला, "मावशी, आज सोमवारची सुट्टी का?" मावशी जिना उतरून गेल्यासुद्धा.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. आठवड्याने नवरा स्वतः टाकव्याला गेला आणि तिथून वाडीवर चढला. परतला तेव्हा चपलांना चिखल आणि पँटला कुसळं. पाणी प्यायच्या आधी त्याने सांगितलं, की अंगणात एक बाई उसण भरलेली कंबर धरून बसली होती, आणि मावशी तिला खाली दवाखान्यात पाठवत होत्या. "त्यांचे हात मांडीवर असे पडले होते," तो म्हणाला, "जसे कुणीतरी सांभाळायला ठेवून गेलंय." त्या रात्री त्याने ते काळपट पातेलं राख लावून इतकं घासलं की त्यात स्वतःचा चेहरा दिसू लागला.

पण तो वाडीवरून रिकामा आला नव्हता. मावशींनी एक वाट सांगितली होती. बंद झालेला हात उघडतो तो 'सोपवणी'ने. आपल्याकडचा रोगी आपल्याहून मोठ्या हाताकडे स्वतः जाऊन सोपवायचा. मूठभर तांदूळ त्या हातावर ठेवायचे. आणि त्या दुसऱ्या हाताने रोग्याचं पथ्य आपल्या तोंडाने घ्यायचं. घेतलं, तर पहिला हात मोकळा. हसण्यावारी नेलं, तर तो कायमचा गेला.

"मोठा हात म्हणजे?" मी विचारलं.

"तुझ्या डॉक्टर."

"त्यांना फोन करून आधी सांगू या का?"

"मावशी म्हणाल्या, सांगून घेतलेलं पथ्य म्हणजे घासाघीस करून मागितलेला आशीर्वाद. आधी सांगायचं नाही."

म्हणून पुढच्या तपासणीच्या दिवशी आम्ही कान्हे फाट्यावर गाडी थांबवली आणि मावशींना घेतलं. इरकली लुगडं, नाकात मोरणी, खांद्याला पिशवी, कमरेला तांदळाची पुरचुंडी. कापणीचे दिवस होते. दोन्ही बाजूंच्या खाचरांतून कापलेल्या भाताचा उन्हात तापलेला, दुधट वास गाडीत शिरत होता. वाटेत मावशी एकदा म्हणाल्या, "लय गर्दी आसंल न्हाई तितं?" मी त्यांच्याकडे पाहिलं. वाडीवरच्या वाटेला न भिणारी ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. एका घाईतल्या तरुण बाईच्या चेहऱ्यावर नकळत उमटलेलं हसू, एवढ्यावर त्यांच्या साऱ्या आयुष्याचा हात अडून बसला होता.

रुग्णालयात गर्दी होतीच. आमचं नाव पुकारलं गेलं तेव्हा डॉक्टर उभ्यानेच संगणकावर काही पाहत होत्या. शेजारी एक परिचारिका. मी म्हटलं, "डॉक्टर, या त्या गुळवेलीच्या मावशी. त्यांना तुमच्याशी बोलायचं आहे." आणि आपलं बोलणं तिथेच थांबवलं.

मावशी पुढे झाल्या. "डाक्तरीणबाई, हात करा."

डॉक्टरांनी हात पुढे केला. मावशींनी पुरचुंडी सोडली. नव्या इंद्रायणी तांदळाचा वास त्या औषधी हवेत एकदम, उघडलेल्या दारासारखा, पसरला. तांदूळ डॉक्टरांच्या तळव्यावर पडले. एखाददुसरा टाइलवर टणकन उडाला.

"ही बाय माझ्या हातात हुती. आता तुमच्या हातात. हिचं आंबट, हिची सुकट, हिचं पथ्य आता तुमचं. हिचं पुरं होस्तवर तुमी बी पाळायचं. आन् वर तुमच्या आवडीचं एक सोडायचं. बोला."

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. डॉक्टरांच्या ओठांचं टोक हललं. त्यांनी तळव्याकडे पाहिलं, मग मावशींकडे.

"मावशी, एक आधी सांगते. मी औषध देते ते रिपोर्ट बघून. माझ्या पथ्याने रिपोर्ट सुधारणार नाही."

"त्ये तुमचं तुमी बघा. पथ्य रिपोर्टासाठी न्हाईच. हातासाठी हाय."

डॉक्टर सावकाश खुर्चीत बसल्या. तांदळाची मूठ त्यांनी मिटून घेतली. "बरं. आंबट सोडलं. सुकट मी खातच नाही."

"मंग ती मोजायची न्हाई. आवडीचं काय सोडता?"

"कॉफी."

"नको, नको!" परिचारिका एकदम पुढे आली. "मावशी, मॅडमनी कॉफी सोडली तर आम्हा सगळ्यांना रजेवर जायची पाळी येईल. कँटीनचा साबुदाणा वडा सोडायला लावा. रोज दोन."

"तू माझ्या बाजूची आहेस की यांच्या?" डॉक्टर म्हणाल्या.

"पेशंटच्या, मॅडम."

मावशींनी डॉक्टरांकडे पाहिलं. वाट पाहिली. त्यांच्या भुवया वर गेल्या नाहीत, मान हलली नाही, नाकातली मोरणीसुद्धा स्थिर होती.

"सोडला," डॉक्टर म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. खरोखरच काहीतरी गमावल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "साबुदाणा वडा सोडला. यांचं पुरं होईपर्यंत."

तेव्हा मावशींनी पदराने आधी डोळे आणि मग तोंड पुसलं, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बगा. ह्येला म्हणायचं पथ्य."

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. आकडे उतरले होते. डोस आज द्यायला हरकत नव्हती.

"बगा!" मावशी पुन्हा म्हणाल्या. "पथ्य घ्याया अवकाश, आकडं उतरलं!"

"मावशी, हा रिपोर्ट कालचा आहे."

"कालचा आसंल. म्या काल मनात सोपीवलीच हुती."

यावर मात्र डॉक्टर मोठ्याने हसल्या, आणि मावशीही. सोपवणी झाल्यावर हसायला आडकाठी नसते, असं त्यांनी मला मागाहून समजावलं.

दुपारभर मी सलाईन लावून पडले होते. औषध शिरेतून चढताना मला नेहमी तोंडात नाण्यासारखी धातूची चव येई; मी आल्याचा तुकडा दाढेखाली धरून ठेवला होता. मावशी पायथ्याशी बसल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलंच होतं म्हणून परिचारिकेने त्यांना तेलाची बाटली आणून दिली होती. पण मावशी नुसत्याच माझ्या तळपायांकडे पाहत राहिल्या. बाटली उघडली नाही.

"चोळा ना, मावशी," मी म्हटलं.

"तू आता त्यांच्या हातातली. तुला लावून काय कळायचं?" त्या पुटपुटल्या. "आन् माझा हात उघडला का न्हाई, मलाच ठावं न्हाई. रीत झाली. पर हाताला कळाया पायजे." शेवटी तेल नवऱ्यानेच चोळलं. मावशी त्याला सांगत राहिल्या: अंगठ्याने न्हाई, तळव्याने, खालून वर न्हाई, वरून खाली, भाऊ, सिंगल देता का पाय चोळता?

परतताना ऊन उतरलं होतं. कान्ह्यावरून आम्ही आत वळलो. टाकव्याला रस्त्याकडेच्या पारावर चारदोन माणसं बसली होती. मावशींना तिथे उतरायचं होतं. पुढे वाडीची पायवाट. मला थकवा होता, पण त्यांना गाडीत बसूनच निरोप द्यावासा वाटेना, म्हणून मीही दार उघडून उतरले. तोंडातल्या धातूवर तेवढ्यात मोकळ्या हवेचा घोट आला: पेंढा, माती, कुणाच्या तरी चुलीवर भाजली जाणारी मिरची.

पारावरच्या एका म्हाताऱ्या आबांनी आमच्याकडे पाहिलं. त्यांचा एक पाय पुढे पसरलेला होता, घोटा वांग्यासारखा सुजून जांभळा झाला होता.

"काय गं," ते मावशींना म्हणाले, "उघडलं का दुकान? का माझ्यासारख्यानं आजून लंगडायचं?"

"दवाखान्यात गेलतास का?"

"गेलतो की. फोटो काढला. हाड साबूत हाय म्हन्ले. दुखतंय त्ये कुटं फोटोत दिसतंय?"

बाकीचे हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या तिथेच, रस्ता आणि पार यांच्या मध्ये, उभ्या राहिल्या. गेल्या कित्येक दिवसांत हा प्रश्न त्यांना कितीदा तरी विचारला गेला असेल, आणि प्रत्येक वेळी त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. मी ते ऐकायच्या तयारीने गाडीच्या दाराला टेकले. त्यांनी उजवा तळवा लुगड्याला पुसला. मग डावा. एकदा सुजलेल्या घोट्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग दोन पावलं परत माझ्याकडे आल्या, खांद्यावरची पिशवी काढून माझ्या हातांत दिली, आणि म्हणाल्या,

"धर."